भुताची गोष्ट अंगावर कधी येते? भयकथांचे संग्रह निवडण्याबद्दल

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाचायला भयकथांचे चांगले संग्रह सुचवा. इंग्रजी याद्या बघून दोन पुस्तकं मागवली, नारायण धारपांची एक कादंबरी आणली, पण कशानंच भीती वाटली नाही. कादंबरी तर अर्ध्यात सोडली. आजीनं लहानपणी सांगितलेल्या गोष्टी मात्र अजून रात्री आठवतात. दिवाळीत घरी भावंडं जमणार आहेत, त्यांनाही काहीतरी वाचून दाखवायचंय.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. भयकथांचं कपाट मुद्दाम माझ्या टेबलाच्या पाठीमागं ठेवलंय, कारण सगळ्यात जास्त फिरणारी आणि सगळ्यात जास्त गहाळ होणारी पुस्तकं हीच. 'सर, खरंच भीती वाटेल असं द्या' ही मागणी काउंटरवर कायम असते आणि तिला एकच एक उत्तर देता येत नाही. वाचणारा एकटा आहे की घोळका, वय काय, इंग्रजी कितपत सवयीचं, वस्तीवर राहतो की फ्लॅटमध्ये, यावर बरंच ठरतं. तुमच्या प्रश्नात जेवढं कळतं तेवढ्यावरून सांगतो.

यादी देतोच. पण एक धागा तुम्हीच हातात दिलाय, आधी तो धरू. आजीची गोष्ट लागू पडली, पुस्तक लागू पडलं नाही. असं का?

आजीला जागा उभी करावी लागत नाही. 'आपल्या मळ्याच्या वाटेवरची बाभळ' एवढं म्हटलं की झालं. ती बाभळ तुम्ही सकाळीच पाहिलेली असते आणि उद्या पुन्हा तिच्याच खालून जायचं असतं. माणसंही ओळखीची, अमक्याचा चुलता, तमक्याची पहिली बायको. छापील कथा लिहिणाऱ्याला हे सगळं चार पानांत कमवावं लागतं. ज्याला ते जमत नाही त्याचं भूत कितीही भयानक दिसो, ते दुसऱ्याच्या गावचं राहतं.

दुसरी गोष्ट जरा खोलातली आहे. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत धान्याची पेवं असायची, जमिनीच्या पोटात. 'पेवात बाई बसलीय, वाकून बघू नको' हे प्रत्येक लेकराला सांगितलेलं असे. पेव उघडल्याबरोबर आत उतरलं तर कोंडलेल्या हवेनं माणूस दगावतो, हे मोठ्यांना ठाऊक होतं. लेकराला हवेचं समजावण्यापेक्षा बाईचं सांगणं सोपं. विहिरीत ओढणाऱ्या आसरांचं तेच, रानात वाट चुकवणाऱ्या चकव्याचं तेच. भुताच्या खाली एक खरी भीती असायची आणि ती सांगणाऱ्यालाही वाटत असायची. म्हणून आवाज बदलायचा.

मी संग्रह निवडताना याच दोन गोष्टी बघतो. जागा खरी वाटते का, आणि भूत काढून घेतलं तर खाली काय उरतं? काहीच उरत नसेल तर ते पुस्तक एका बैठकीत संपतं आणि सकाळी आठवत नाही.

आता हंगामाचं. इंग्रजी याद्यांमधला ऑटम म्हणजे गळती पानं, धुकं, चार वाजताच कलणारी संध्याकाळ आणि ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन. आपल्याकडं ऑक्टोबरच्या दुपारी अंगाची लाही होते. पंख्याखाली, घामानं चिकट झालेल्या हातात धुक्याची गोष्ट घेतली तर ती लागणार कशी? पण आपल्यालाही भीतीचा हंगाम आहेच. पितृपक्षात गेलेल्या माणसांना जेवायला बोलावून झालेलं असतं. सोयाबीनची रास होऊन रानं मोकळी पडतात. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि बीडकडच्या कित्येक वस्त्यांवर म्हातारी माणसं नि लेकरं तेवढी मागं राहतात. रब्बीच्या पाण्यासाठी शेतातली लाईट रात्रीची आली, तर बॅटरी घेऊन एकट्यानं विहिरीवर मोटार चालू करायला जाणं आलं. कोजागरीनंतर रात्री हळूहळू गार व्हायला लागतात. वाचायला घ्यायचं ते या रात्रींना धरून.

सुरुवात रत्नाकर मतकरींपासून करा. लहानपणी 'अलबत्या गलबत्या' बघितलं असेल तर त्यातल्या चेटकिणीला जन्म देणारे लेखक हेच. त्यांचे 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'निजधाम', 'रंगांधळा', 'कबंध' असे बरेच संग्रह आहेत आणि कुठल्याही बऱ्या वाचनालयात दोन-तीन तरी सापडतात. तुम्ही म्हणाल, त्यांच्या कथा शहरी मध्यमवर्गाच्या, आपल्या वस्तीशी त्यांचा काय संबंध? संबंध असा की मतकरी जागा म्हणून घर वापरतात, आणि घरातही भिंतींपेक्षा नाती. नवरा-बायको, आजारी माणूस, नकोसं झालेलं कुणीतरी. हे माहूरलाही आहे आणि दादरलाही. पहिली चार-पाच पानं तुम्ही एक साधी कौटुंबिक कथा वाचताय असं वाटतं, मग एखादं वाक्य जरासं वाकडं पडतं. भूत असेलच असं नाही. असलं तरी ते बाहेरून आलं की याच माणसांच्या मनातून निघालं, हा संशय ते बऱ्याचदा मिटवत नाहीत.

फक्त एक पथ्य पाळा: एका रात्री एक कथा. मतकरींच्या पुष्कळ कथा शेवटाला कलाटणी घेतात. सलग तीन वाचल्या की चौथीला डोकं आधीच कलाटणी शोधायला लागतं. मग तुम्ही वाचक राहत नाही, कोडं सोडवणारे होता आणि भीती तिथंच मरते. याद्या बघून मागवलेली तुमची ती दोन पुस्तकंही बहुतेक अशीच संपली असणार, रविवारी दुपारी, एका दमात. आमच्याकडच्या 'खेकडा'च्या एका प्रतीत एका कथेच्या शेवटी कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलंय, 'इथं थांबा. पुढची उद्या.' त्याच्या खाली वेगळ्या अक्षरात, 'नाही थांबलो. तीन वाजले.' पुस्तकात लिहिणं नियमात बसत नाही, पण मी ते खोडलेलं नाही.

धारपांचं मात्र तुम्ही चुकीच्या दारानं आत गेलात. नारायण धारप (१९२५–२००८) हे मराठी भयकथेतलं सगळ्यात मोठं नाव, यात वाद नाही. पण त्यांच्या कादंबऱ्या संथ चढतात आणि त्यांचं अमंगळ बहुधा बाहेरचं असतं, कुठल्यातरी जुनाट, आकार नसलेल्या शक्तीचं. ते उभं राहायला वेळ लागतो. त्यातून 'समर्थ', म्हणजे अमंगळाशी लढणारं त्यांचं ठरलेलं पात्र, असलेली कादंबरी हाती आली असेल तर समर्थ येणार आणि सोडवणार हा दिलासा पहिल्यापासून सोबत असतो. माझ्या मते समर्थकथा या भिवविण्यापेक्षा धीर देण्यासाठी चांगल्या. रात्री दचकून उठणाऱ्या वाचकाला मी त्याच देतो. तुम्ही त्यांच्या कथांकडे जा. 'अनोळखी दिशा' या नावानं त्यांच्या कथांचे खंड आहेत, तिथून सुरुवात करा. कादंबरीच हवी असेल तर 'लुचाई' घ्या. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' या १९७५ च्या कादंबरीवर ती बेतलेली आहे, पण गाव मराठी आहे आणि एकेक घर करत ते गाव कसं विझत जातं हे बघण्यासारखं आहे. धारपांची बरीच पुस्तकं अलीकडं छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनानं नव्यानं काढली आहेत, त्यामुळं आपल्या भागात मिळायला अडचण नाही.

धारपांच्या कथा तोंडी किती चढतात याचा पुरावा तर सगळ्यांनी पडद्यावर पाहिलाय. २०१८ च्या 'तुंबाड' चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं, पण बीज धारपांच्या एका कथेत होतं, आणि ती कथा दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी पहिल्यांदा वाचली नव्हती, नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली होती. तुमच्या आजीचाच मार्ग.

नव्या लेखकांत हृषीकेश गुप्ते यांचा 'अंधारवारी' वाचा, मग 'घनगर्द'. त्यांचं गावाचं चित्रण दाट आहे आणि भीती अंगाशी, वासनेशी, आठवणींशी जोडलेली आहे. लहान भावंडांना वाचून दाखवायचं हे पुस्तक नव्हे.

आता ज्याच्याविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. लोक भयकथा म्हटलं की लंडन, बोस्टन धुंडाळतात, आणि वेताळ तर आपल्या पैठणचा. 'कथासरित्सागर' हा ग्रंथ काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात लिहिला. त्यात वेताळाच्या पंचवीस कथा सुरू होतात तेव्हा सांगितलंय, की गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान नावाचं नगर आहे आणि तिथं त्रिविक्रमसेन राजा राज्य करतो. प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण. नाथषष्ठीला जिथं आपण गर्दीत चेंगरून येतो तेच. एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो, राजा ते बाजूला ठेवायला सांगतो. असं पुष्कळ दिवस चालतं. एकदा माकडाच्या हाती लागून फळ फुटतं आणि आतून रत्न पडतं. इतक्या दिवसांची सगळी फळं बघितली तर प्रत्येकात रत्न. आता राजा उपकाराखाली आला. भिक्षू मागतो एवढंच, की वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात या आणि झाडाला लटकलेलं प्रेत मला आणून द्या.

लहानपणी मासिकांत आणि दूरदर्शनवर आपण याची बाळबोध रूपं पाहिली, म्हणून मोठी माणसं हे पुस्तक हातात घेत नाहीत. घ्या. खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, आणि तो गोष्टी सांगतोय. गोष्टीच्या शेवटी प्रश्न. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, बोललास तर मी परत झाडावर. एका माणसानं रात्रभर त्याच वाटेनं तेच प्रेत वाहायचं. वर त्याला हेही पुरतं ठाऊक नाही की खरा धोका खांद्यावरच्याचा आहे की वाट बघत बसलेल्या भिक्षूचा. याहून चांगली चौकट पुढच्या हजार वर्षांत भयकथेला फारशी सुचलेली नाही. 'वेताळपंचविशी' मराठीत छापील रूपात यायला सुरुवातही लवकर झाली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ती १८३० मध्ये मराठीत आणली. तुम्ही मात्र मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती टाळा आणि 'कथासरित्सागर'च्या मोठ्या मराठी अनुवादातला तो भाग काढून वाचा.

आणि त्याच ग्रंथात या सगळ्या कथांच्या उगमाची जी कथा आहे ती तर संग्रहातली सगळ्यात थरारक. सातवाहन राजाचा मंत्री गुणाढ्य एक पैज हरतो. पैजेपायी संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडतो आणि रानात जाऊन पिशाच्चांची भाषा शिकतो. त्या पैशाची भाषेत तो सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहितो. रानात शाई नाही, म्हणून स्वतःच्या रक्तानं. राजा ती झिडकारतो. मग गुणाढ्य टेकडीवर आग पेटवतो, एकेक पान मोठ्यानं वाचतो आणि आगीत टाकतो. रानातली जनावरं चरणं सोडून भोवती येऊन उभी राहतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी. इकडं राजवाड्यात राजाच्या ताटातलं मांस सुकं पडायला लागतं, कारण शिकारीची जनावरं खातच नाहीत. राजा आजारी पडतो, चौकशी करत तिथं पोचतो तोवर सहा लाख श्लोक जळालेले असतात. मूळ 'बृहत्कथा' आज कुठंच नाही, आपल्यापर्यंत आलीत ती तिची नंतरची रूपं.

पैठणचाच विषय निघाला म्हणून सांगतो, एकनाथांनी भारुडात थेट देवालाच भूत केलंय, झडप घालून धरणारं आणि सुटका न देणारं. भूत ही कल्पना या मातीत किती सहज वापरली जायची, ते यातून कळतं.

दुसरी एक कथा आपल्या भागाशी अशीच अनपेक्षित बांधलेली आहे. रवींद्रनाथ टागोरांची 'क्षुधित पाषाण', १८९५ ची. लिहिणारा बंगाली, कथेतला महाल त्यांना सुचला अहमदाबादच्या शाहीबागेवरून, पण कथा घडते निजामाच्या हैदराबाद संस्थानात. निवेदक तिथं कापसावरचा कर गोळा करणारा अधिकारी आहे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता आणि कापूस हे आपलं पीक. त्यामुळं ही कथा मी परभणी-जालन्याच्या वाचकाला देतो तेव्हा तो पहिल्याच पानावर सावरून बसतो. नदीकाठी सोडून दिलेला संगमरवरी महाल, दिवसा हिशेबाची कागदपत्रं आणि रात्री पायऱ्यांवरून उतरणाऱ्या न दिसणाऱ्या पावलांचा आवाज. पहाटे एक वेडा महालाभोवती ओरडत फिरतो, लांब राहा म्हणून. भूत काढून घेतलं तर खाली उरते ती त्या महालात अतृप्त राहून गेलेल्या माणसांची भूक, आणि ती दगडांनाच लागलीय. ही सगळी गोष्ट रेल्वेच्या जंक्शनवर गाडीची वाट बघताना तोच अधिकारी, अनोळखी प्रवासी म्हणून भेटलेला, सांगतो आणि गाडी आल्यामुळं अर्धी टाकून निघून जातो. पूर्णा किंवा मुदखेडला रात्री गाडी लेट असताना वाचून बघा.

इंग्रजी वाचता येतंच असेल तर मोठाले जाडजूड संकलनग्रंथ मागवू नका. त्यात पंधरा कथा बऱ्या आणि पन्नास भरतीच्या असतात. एम. आर. जेम्स हा केंब्रिजचा जुन्या हस्तलिखितांचा अभ्यासक. १९०४ मध्ये त्याचा भुतांच्या कथांचा पहिला संग्रह आला. नाताळच्या सुमारास मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना वाचून दाखवण्यासाठी तो कथा लिहायचा. त्याच्या कथांत कुणीतरी विद्वान माणूस जुनी वस्तू उकरतो आणि तिच्याबरोबर काहीतरी येतं. बारवा, शिलालेख, पडकी देवळं यांच्यामधून रोज जाणाऱ्या आपल्या लोकांना हे पटकन भिडतं. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीतून, त्या काळोख्या वाटेतून, मशालीशिवाय एकदा गेलेल्याला तर वेगळं सांगायला नको. लाफकाडिओ हर्नचा 'क्वायदान' हा जपानी कथांचा संग्रहही १९०४ चाच, पातळ आणि सोप्या भाषेतला. त्यात एक आंधळा वादक आहे. जुन्या लढाईची गाणी म्हणायला त्याला रात्री कुणीतरी मोठ्या घरी घेऊन जातं, आणि प्रत्यक्षात तो त्याच लढाईत मेलेल्यांच्या थडग्यांपुढं बसून गात असतो. देवीचा गोंधळ ऐकत मोठं झालेल्या माणसाला ही कथा परकी वाटणार नाही. किंग, पो, ब्रॅडबरी हे सगळ्या याद्यांत असतातच. किंगचा 'नाइट शिफ्ट' मिळाला तर बघा, पण माझ्या लेखी ती दुसऱ्या वर्षाची पुस्तकं.

दिवाळी अंक विसरू नका. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून या हंगामात वाचणं ही आपली स्वतःची चाल आहे. 'नवल' आणि 'धनंजय' यांनी गूढ, रहस्य, भय यांना कायम जागा दिली. नवे अंक घ्याच, पण जुने जास्त मोलाचे. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातली पुस्तकांची दुकानं आणि रद्दीवाले दोन्हीकडं विचारा. अंकातल्या सगळ्या कथा चांगल्या नसतात, चारातली एक चांगली निघाली तरी पैसे वसूल. आणि सलग वाचून संपवण्याचा मोहही होत नाही, कारण मध्ये राशिभविष्य आणि व्यंगचित्रं येतात.

तुमच्यापुरता क्रम सांगायचा तर आधी मतकरींचा एक संग्रह, मग वेताळ, मग 'क्षुधित पाषाण', नंतर धारपांच्या कथा. इंग्रजी त्याच्यापुढं.

भावंडांना वाचून दाखवण्याचं वेगळं गणित आहे. दहा-बारा पानांची कथा मोठ्यानं वाचायला अर्धा तास लागतो आणि घोळका तेवढाच वेळ धरून ठेवता येतो. म्हणून आधी एकदा मनात वाचून वर्णनाचे परिच्छेद पेन्सिलनं वगळून ठेवा, स्वतःच्या प्रतीत, वाचनालयाच्या नव्हे. भुताचा आवाज काढायला जाऊ नका. सपाट, बातमी सांगितल्यासारखं वाचा. पूर्ण अंधार केला की लेकरं एकमेकांना चिमटे काढतात, त्यापेक्षा एक दिवा वाचणाऱ्याच्या पाठीमागं ठेवा. शेवटची ओळ झाली की पुस्तक मिटा, 'म्हणजे बघा, ती बाई खरं तर...' असं समजावत बसू नका.

आणि जागा बदलायला कचरू नका. कोजागरीला आमच्या वाचनालयाच्या गच्चीवर दूध आटत असताना एक कथा होते. एका वर्षी मी डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची १९०२ ची 'द मंकीज पॉ' मराठीत सांगितली. मुळात एका सैनिकानं हिंदुस्थानातून आणलेला माकडाचा वाळका पंजा आहे, फकिरानं भारलेला, तीन इच्छा पुऱ्या करणारा. मी सैनिकाला मिलिटरीतून सुटीवर आलेला गाववाला केलं आणि म्हातारा-म्हातारीचा पोरगा कामाला लावला जिनिंगमध्ये. पहिली इच्छा पैशाची. पैसे येतात, पण पोरगा मशीनमध्ये सापडला म्हणून कंपनीनं दिलेली रक्कम म्हणून. इथवर गच्चीवर कुजबुज होती, ती थांबली. म्हातारी दुसरी इच्छा मागते तेव्हा कढईपाशी बसलेल्या एक काकू उलथनं हातात धरून मोठ्यानं म्हणाल्या, 'अगं नको मागू गं बाई.' दुधाला खालून करपट वास लागला तरी कुणी उठलं नाही. पुढं काय झालं ते सांगत नाही, तुम्हाला वाचायचंय. या कथेत भूत एकदाही दिसत नाही. खाली आहे ते लेकरू गमावलेल्या आईचं दुःख, आणि जिनिंगमध्ये कामाला जाणारं पोर इथं घरोघरी आहे.

दहा-बारा वर्षांच्या आतली मुलं असतील तर वेताळाच्या दोन-तीन गोष्टी आणि रस्किन बाँडची 'अ फेस इन द डार्क' एवढं पुष्कळ. शाळेतला मास्तर, चीडचं रान आणि रडणारा एक मुलगा, तीनेक पानांत संपते.

काही गोष्टी मी घोळक्यात वाचत नाही. लातूर-धाराशिवच्या भूकंपाच्या पट्ट्यात घर कोसळण्याची कथा घेत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणारी माणसं समोर बसलेली असतात आणि ती नेमकी याच दिवसांतली होती. पोची 'अशर'च्या वाड्याची कथा कितीही थोर असली तरी किल्लारीच्या आसपास ती एकट्यानं वाचायची. दुसरं, बसस्टँडवर 'भानामतीच्या सत्य घटना' छापाची पातळ पुस्तकं मिळतात, ती घरात आणू नका. मराठवाड्यात भानामतीच्या नावाखाली बायकांचे हाल झालेत, शेजाऱ्यावर संशय घेऊन घरं फुटलीत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात करणीचा उल्लेख उगाच आलेला नाही. भयकथा वाचणारा गोष्टीला गोष्ट म्हणून घाबरतो, त्यात कुणाचं नुकसान नाही. ही पुस्तकं मात्र बोट दाखवायला शिकवतात. आमच्या कपाटात त्यांना जागा नाही.

राहता राहिलं पुस्तक हातात येण्याचं. विकत घेण्याआधी तालुक्याच्या वाचनालयात जा, अनामत भरून सभासद व्हा. मतकरी-धारप तिथं असणारच, फक्त प्रती जुन्या असतील. घरी नेण्याआधी काउंटरवरच शेवटचं पान आहे ना ते बघून घ्या. आपल्याआधीच्या वाचकाला मागच्याची झोप उडवायची ती एक ठरलेली युक्ती सापडलेली असते, आणि पान फाडलेलं आढळलं तर ग्रंथपालाला लगेच दाखवा, नाहीतर दंड तुमच्या नावावर पडेल.